त्रिनिदादचा हलवा

माझा धाकटा मुलगा अबुधाबीला अल रीम आयलंडवर राहतो. इतक्या वर, की खिडकीतून खाली बघितलं की मला आधी अल्ला आठवतो आणि मग चष्मा. मागे तिथे राहायला गेले होते तेव्हा टीव्हीवर ऑलिम्पिक चालू होतं. रिलेची शर्यत लागली आणि लाल कपड्यातला एक लांबटांग्या पोरगा दिसताच मी चहाचा कप खाली आपटून ओरडले, "यल्ला, पळ त्रिनिदाद, यल्ला!"

सून घाबरून आतून धावत आली. तिला वाटलं, सासूबाईंना काही झालं. नातू म्हणाला, "दादी, व्हाय त्रिनिदाद? वुई आर इंडियन."

मी त्याला सांगायला बसले. माझ्या मराठीची पहिली दोन वाक्यं त्याने ऐकली, "ओके दादी, सो स्वीट," म्हणाला आणि फोनात डोकं घालून मोकळा झाला. जाऊ दे मेला. तुम्ही ऐका.

गोष्ट दुबईची आहे, पण आजची नाही. करामा भागातल्या बिल्डिंगा, मेट्रो, हे काहीसुद्धा नव्हतं. देरा भागात खाडीच्या मागे आम्ही राहायचो. दोन खोल्या, पुढे खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण घातलेलं अंगण, आणि पाणी गाढवावरून यायचं. घरात माणसं तीन. मी, माझा नवरा आणि माझा सख्खा धाकटा भाऊ. नवरा रत्नागिरीकडचा, एका शिपिंग एजंटकडे कारकून. भाऊ विजेच्या तारा ओढायच्या कामावर. गल्लीत आमच्या भाषेतली बाई मी एकटी. बाकी सगळे सडेफटिंग.

आता भाऊ माझा सख्खा, पण पासपोर्ट त्याचा पाकिस्तानचा. लहानपणीच मामाने त्याला शिकायला म्हणून कराचीला नेलं, मध्ये फाळणी झाली आणि तो तिकडचाच झाला. मी लग्न होऊन इकडची, भारतातलीच राहिले. तेव्हा मुंबईहून सुटलेली बोट कराचीला थांबून मग दुबईला यायची. म्हणजे आम्ही बहीणभाऊ यायचो एकाच बोटीने, फक्त वेगळ्या धक्क्यांवरून चढायचो. मला त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते हॉकीमुळे.

माझ्या माहेरहून आलेला एक तांब्याचा थाळा होता, कल्हई केलेला, बैलगाडीच्या चाकाएवढा नसला तरी नवरा तसंच म्हणायचा. आमच्यात घरची माणसं एका थाळ्यात जेवतात. मधे भाताचा ढीग, त्यावर सालन म्हणजे रस्सा, आणि ज्याने त्याने आपल्या बाजूने खायचं. नवरा आणि भाऊ या थाळ्यात समोरासमोर बसायचे. माशाचा चांगला तुकडा दोघंही एकमेकांकडे सरकवायचे, आणि दोघंही 'तू खा, तू खा' करत राहिले की तो मी उचलायचे. असे ते दोघं. मेहुणे कमी आणि दोस्त जास्त.

मग रोमचं ऑलिम्पिक आलं. हॉकीच्या फायनलला भारत आणि पाकिस्तान. तोवर हॉकीत भारताला कोणी हरवायचं नसतं असा माझ्या नवऱ्याचा समज होता, नमाज चुकवायची नसते तसा. आणि पाकिस्तान जिंकलं. भाऊ उड्या मारत हलव्याचा मोठा डबा घेऊन आला, तो मस्कती काळा हलवा, तुपाने थबथबलेला. जेवण चालू होतं. त्याने एक गोळा काढला आणि थाळ्यात थेट नवऱ्याच्या बाजूला ठेवला. "दुल्हेभाई, तोंड गोड करा!"

खोडी होती हो ती! वीस-बावीस वर्षांचं पोर ते. पण नवऱ्याच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. तो उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून म्हणाला, "मला वेगळं ताट दे." भाऊ म्हणाला, "मग मलाही दे." मी थाळा धुतला, पुसला आणि भिंतीवर खिळा ठोकून टांगला. वाटलं, चार दिवसांत उतरेल. चार वर्षं तिथेच राहिला.

भांडण म्हणावं तर तेही नाही. एकाच घरात, जेवणाच्या एकाच दस्तरखानावर, दोन ताटं. बोलायचे ते माझ्या तोंडून. "तुझ्या भावाला सांग, कंदिलात रॉकेल नाही." "बुबू, दुल्हेभाईंना सांग, मला दिसतंय." बुबू म्हणजे मोठी बहीण, मी. दोघांमध्ये माझं टेलिफोन एक्स्चेंज झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण दोघांपैकी कोणावर ओरडायचं? एकावर ओरडले तर सासर दुखावणार, दुसऱ्यावर ओरडले तर माहेर.

टोकियोच्या ऑलिम्पिकच्या आधी भावाने सांगून टाकलं. "बुबू, या वेळी परत हॉकीचं काही झालं ना, की मी खोली बदलतो. कराचीची पोरं आहेत, त्यांच्यात जागा आहे. रोज उठून कोण तोंडं बघत बसणार?" मी हसून उडवून लावलं आणि आत जाऊन रडले. त्या सगळ्या वाळूत माझ्या माहेरचं म्हणून जे काही होतं, ते एवढं एकच होतं. ते उठून चार गल्ल्या पलीकडे गेलं असतं तर मला आईचं नाव घ्यायला माणूस उरलं नसतं. आणि मला तर चांगलं माहीत होतं की हॉकीच्या फायनलला दुसरं कोण येणार होतं!

तेव्हा मदतीला आला शेजारचा चाचा. रायगडकडचा म्हातारा सारंग. उभी हयात गोऱ्यांच्या बोटींवर खलाशांचा मुकादम म्हणून काढलेली, आता खाडीतल्या एका लाँचीवर होता. पोरंबाळं गावाला, म्हणून जेवायला आमच्याकडे. त्याच्याकडे गल्लीतला सगळ्यात मोठा रेडिओ होता आणि गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या थापाही त्याच्याचकडे होत्या. एका संध्याकाळी तो बातम्या ऐकून म्हणाला, "त्रिनिदाद पण येतंय. आता आझाद झालेत ना, स्वतःचा झेंडा घेऊन येणार."

"कोण त्रिनिदाद?" मी विचारलं.

चाचा सुरू झाला. बेट आहे, बाई. माझं जहाज तिथे लागलं होतं. नारळ आपल्यासारखे, मासळी आपल्यासारखी, पाऊस आपल्यासारखा. ऊस तोडायला आपल्या मुलखातून नेलेल्या लोकांची नातवंडं तिथे आहेत. एका म्हातारीने मला डाळ भरलेली पोळी खायला घातली. काळे, गोरे, आपले, चिनी, सगळे एका गल्लीत. भांडतात आणि परत एकत्र नाचतात.

माझ्या डोक्यात तिथेच दिवा पेटला. दुसऱ्या दिवशी जेवण वाढायच्या आधी मी पळी हातात घेऊन उभी राहिले आणि सांगितलं, "ऐका. या घरात ऑलिम्पिक संपेपर्यंत हॉकी हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याला जेवण नाही. भारत नाही, पाकिस्तान नाही. या घराचा देश त्रिनिदाद. खलास!"

नवरा म्हणाला, "तुझ्या भावाला विचार, त्याला मंजूर आहे का."

भाऊ म्हणाला, "बुबू, दुल्हेभाईंना विचार, त्रिनिदाद नकाशात कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का."

"तुला ठाऊक आहे?" नवरा त्याच्याकडे बघून म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलला. मी पळी खाली केली आणि वाढायला घेतलं.

मग जे काही झालं ते सांगायला मला आजही हसू येतं. ज्या देशाचं एक माणूस आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी दोन मोठी माणसं रोज संध्याकाळी चाचाच्या रेडिओला कान चिकटवून बसायला लागली. नवऱ्याने एकदा विचारलं, "चाचा, या धावणाऱ्यांत आपले किती?" चाचा भडकला. "जो धावतो तो आपला! तुझ्याच्याने खाडीपर्यंत चालवत नाही, तू काय मोजतोस?"

दोनशे मीटरला त्रिनिदादचा पोरगा तिसरा आला. मी शिरा केला. चारशे मीटरला दुसरा आला, तेव्हा परत शिरा केला. साखर संपत आली तरी मी काही बोलले नाही. चाचा अशा थाटात बसायचा की जणू ती पदकं त्याच्याच गळ्यात पडली होती. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की जहाज तिथे लागलं तेव्हा तो तापाने फणफणला होता आणि बंदरातल्या दवाखान्यातून बाहेर पडलाच नव्हता. डाळीची पोळी दवाखान्यात झाडू मारणाऱ्या म्हातारीने दिली होती. "मग नाच कुठे बघितलास?" भावाने विचारलं. "खिडकीतून," चाचा म्हणाला. "खिडकी मोठी होती."

मग यायची होती रिले. ही काय भानगड, ते कोणालाच नीट कळेना. चाचाने समजावलं की चार माणसं धावतात, हातात दांडी असते, एकाने पळत येऊन ती दुसऱ्याला द्यायची. पडली तर सगळं गेलं. नवरा म्हणाला, "त्यात काय कठीण?" भाऊ म्हणाला, "करून दाखवा." मी आतून लाटणं आणून चाचाच्या हातात दिलं.

अंगणात रिले झाली. पहिला चाचा, तो चालतच आला आणि वाटेत एकदा खोकायला थांबला. त्याने लाटणं भावाला दिलं. भाऊ कुंपणाला वळसा घालून सुसाट आला आणि पुढे हात करून नवरा उभा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. लाटणं पडलं. "हात सरळ धरा ना, दुल्हेभाई!" "तू फेकतोस कशाला? दे नीट!" परत केलं. परत पडलं. तिसऱ्या वेळी भावाने नवऱ्याचं मनगट धरलं, लाटणं त्याच्या तळव्यात दाबून बसवलं आणि म्हणाला, "घट्ट धरलं? आता पळा." नवरा पळाला. चौथी मी होते. मी लाटणं घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात गेले, कारण तव्यावरची भाकरी जळत होती. आतून मला ऐकू आलं, दोघं हसत होते. मी त्या जळक्या भाकरीकडे बघत उभी राहिले, माझे डोळे भरून आले होते.

बुधवारी रिले झाली आणि त्रिनिदाद तिसरं आलं. संध्याकाळी बातमी लागली तेव्हा तिघांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडचा अरब शेजारी झावळ्या बाजूला करून आत डोकावला. "खैर? काय झालं?" भाऊ म्हणाला, "त्रिनिदाद!" शेजारी म्हणाला, "माशाल्ला, तुमचं गाव?" माझा भाऊ, जरासुद्धा न अडखळता म्हणाला, "हो, रत्नागिरीच्या जरा पुढे."

नवरा हसून हसून लोळला. ताटं मात्र अजून दोनच होती. आणि हॉकीची फायनल शुक्रवारी होती. भारत आणि पाकिस्तान, दुसरं कोण?

शुक्रवारी मी सांदणं करायला घेतली. सांदणं म्हणजे तांदळाची वाफवलेली, नारळाच्या दुधातली, ईदेला करतात ती. चाचाला बजावून ठेवलं होतं की आज तुझ्या रेडिओची बॅटरी संपलेली आहे. "संपलेली आहे," चाचा म्हणाला. सकाळी नवरा उठला. "मासळी घेऊन येतो." मी म्हटलं, "जा." थोड्या वेळाने भाऊ उठला. "जुम्म्याच्या आधी केस कापून येतो." मी म्हटलं, "जा बाबा." दोघं दोन दिशांना गेले. एक चालला भारतवाल्यांच्या चहाच्या दुकानात आणि एक कराचीवाल्या शिंप्याकडे, हे काय मला कळत नव्हतं? पण त्यांनी शब्द काढला नव्हता, म्हणून मलाही काढता येईना.

मी वाफेकडे बघत बसले आणि कान गल्लीकडे. बराच वेळ काही नाही. मग एकदम मोठा ओरडा झाला, आणि तो चहाच्या दुकानाकडून आला. शिंप्याच्या बाजूला चिडीचूप. चाचा माझ्याकडे बघायला लागला, मी चाचाकडे. मला भारत जिंकल्याचा आनंद झाला का? झाला की, का होऊ नये? पण तो पोटात उतरायच्या आतच मी भावाची वाट बघत दाराशी जाऊन उभी राहिले.

नवरा परत आला. मासळी नाही. चेहरा ईदचा चंद्र दिसल्यासारखा, आणि हात पाठीमागे.

"मासळी?"

"मिळाली नाही."

"पाठीमागे काय आहे?"

त्याने डबा पुढे केला. तोच हलवा. त्याच दुकानातला, आणि त्याच्याहून मोठा डबा. चार वर्षं मनात धरून ठेवलं होतं या माणसाने!

मी म्हटलं, "हे बघा. तुम्ही जिंकलात, मला कळलं. पण हा डबा त्याच्यासमोर उघडलात तर तो उठून जाईल, आणि परत यायचा नाही. माझं माहेर या दुबईत तेवढंच आहे. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्याने डबा कोनाड्यात ठेवला आणि जुम्म्याला गेला.

नमाज सुटली. नवरा आला, चाचा आला. भाऊ नाही. मी खिळ्यावरून थाळा काढला. का काढला, मला माहीत नाही. धुतला, मधे भात घातला, कडेने सांदणं लावली, वर कोंबडीचं सालन ओतलं. भावाचं छोटं ताटही बाजूला ठेवलं, म्हणजे त्याला अपमान वाटायला नको. नवरा थाळ्याजवळ बसला, पण हात लावेना. चाचाला भूक आवरत नव्हती, तो उगाच बिस्मिल्ला बिस्मिल्ला करत होता. वाफ निघून गेली. नवरा दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आला. "ऊन किती आहे," म्हणाला. दोन्ही वेळा तेच म्हणाला.

मग भाऊ आला. केस तसेच, कानावर आलेले. कोणाकडे न बघता तो आपल्या छोट्या ताटाशी बसला. थाळा खाली उतरलेला त्याने पाहिला होता, पण पाहिलं नाही असं दाखवलं. मी भात वाढायला वाकले तर म्हणाला, "थोडंच. मला संध्याकाळी सामान बांधायचंय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

नवरा उठला, कोनाड्यातून डबा काढला आणि आणून मधोमध ठेवला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. त्याने झाकण काढलं. काळाभोर हलवा, वर बदाम लावलेले. भावाचा चेहरा पांढरा पडला.

"घे," नवरा म्हणाला. "त्रिनिदादचा आहे."

नवऱ्याने डबा त्याच्याकडे सरकवला.

"रिलेत तिसरे आले ना. तोंड गोड करायचं राहून गेलं होतं."

भावाने त्याच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "रिले बुधवारी झाली, दुल्हेभाई."

"मग? बुधवारी हलवेवाल्याचं दुकान बंद होतं."

"तिसरा नंबर आणि एवढा मोठा डबा?"

"पहिले आले असते तर दोन आणले असते."

"आपल्या लोकांसाठी एवढं तर करायला पाहिजे," चाचा म्हणाला आणि कोणी विचारायच्या आत एक गोळा तोंडात टाकला.

भावाने आपलं छोटं ताट मागे सारलं. गुडघ्यावर सरकत तो थाळ्याशी आला आणि नवऱ्याच्या समोर, आपल्या जुन्या जागी बसला. हलव्याचा एक तुकडा काढून तोंडात घातला. चावता चावता त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तूप जास्त आहे."

"तुझे केस कापलेले दिसत नाहीत," नवरा म्हणाला.

"तुमची मासळी पण दिसत नाही."

आणि मग दोघं असे हसले की भात सांडला. कोंबडीची तंगडी एकाने दुसऱ्याकडे सरकवली, दुसऱ्याने परत केली. 'तू खा, तू खा' सुरू झालं. मी ती उचलली आणि खाल्ली. सामान त्या संध्याकाळी कोणी बांधलं नाही, पुढेही नाही.

पण खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. तेव्हा हॉकीची काठी नव्हती, चेंडू नव्हता. दोन्ही देशांची लढाई जुंपली. रत्नागिरी आणि कराचीमधली पत्रं थांबली. गल्लीतले लोक एकमेकांना टाळून चालायला लागले. शिंप्याच्या दुकानातले चहावाल्याकडे येईनात, चहावाल्याकडचे शिंप्याकडे कपडे टाकेनात. आम्ही तिघं संध्याकाळी थाळ्याशी बसलो होतो आणि चाचाचा रेडिओ भिंतीपलीकडे बातम्या सांगत होता. विमानं, रणगाडे, गावांची नावं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने हाक मारली, "चाचा, बंद करा ते."

भाऊ म्हणाला, "राहू द्या, दुल्हेभाई. त्रिनिदादचं काहीतरी लागेल."

नवऱ्याने मान हलवली. थाळ्यातला माशाचा चांगला तुकडा उचलून त्याने भावाच्या बाजूला ठेवला. या वेळी भावाने तो परत सरकवला नाही, मुकाट्याने खाल्ला.